स्थानिक केबल वाहिनी

स्थानिक केबल वाहिनी म्हणजे केबलचालकाने उपग्रहाचा आधार न घेता, आपल्याच जाळ्यातून आपल्याच ग्राहकांसाठी चालविलेली दूरचित्रवाणी वाहिनी. केंद्र शासनाच्या नियमांत तिला ‘प्लॅटफॉर्म सेवा’ म्हणतात. परिसरातील बातम्या, गणेशोत्सवासारखे कार्यक्रम आणि नागरी सूचना तिच्यावर दाखविता येतात. मात्र संदेश जाळ्यात कोठे मिसळला जातो, यावर ती खरोखर किती स्थानिक राहते हे अवलंबून असते.

तांत्रिक रचना

अ‍ॅनालॉग काळात गल्लीतील केबलचालकाकडे अँटेना, मॉड्युलेटर आणि व्हिडिओ कॅसेट यंत्र असे. कॅसेटवरील चित्र एखाद्या रिकाम्या वाहिनीवर चढविले की ते तारेने घरोघरी पोहोचत असे.

केबल कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीने अंकीय प्रसारण टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. पुणे, नागपूर व नाशिक या शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. आता सर्व वाहिन्या मुख्य केंद्रात (हेडएंड) एकत्र येतात. तेथे एन्कोडर चित्र संक्षिप्त करतो, मल्टिप्लेक्सर अनेक वाहिन्या एका प्रवाहात गुंफतो आणि तो प्रवाह कूटबद्ध होऊन प्रकाशतंतूने निघतो. ग्राहकाकडील सेट टॉप बॉक्स त्याची उकल करतो. त्यामुळे गल्लीतील केबलचालकाला मध्येच स्वतःचे चित्र मिसळणे सहसा शक्य होत नाही. ते मुख्य केंद्राकडे पाठवावे लागते.

शासन आणि वाहिनीची मालकी

अमेरिकेत १९८४ च्या केबल कायद्यानुसार स्थानिक शासन केबल कंपनीकडून नागरिक, शिक्षण व शासन यांच्यासाठी वाहिन्या राखून मागू शकते. भारतात तशी तरतूद नाही. १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखविणे बंधनकारक केले, नगरपालिकेच्या नाही. राज्य शासने आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना प्रसारण व वितरण व्यवसायात प्रवेश देऊ नये, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०१२ मध्ये केली. सत्ताधाऱ्यांच्या हाती प्रसारमाध्यम जाऊ नये, हा त्यामागील विचार होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयानेही केंद्र व राज्य शासनांच्या विभागांनी यापुढे या क्षेत्रात उतरू नये, असे कळविले. परिणामी नगरपालिकेची सूचना केबलवर यायची, तर ती केबलचालकाच्या वाहिनीवरूनच येते.

नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्लॅटफॉर्म सेवेची नोंदणी करावी लागते. अशा वाहिन्यांची संख्या केबलचालकाच्या एकूण वाहिनीक्षमतेच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये आणि दाखविलेल्या कार्यक्रमांचे ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवावे, असे बंधन आहे.

तांत्रिक साहाय्य

वाहिनी अखंड चालण्यासाठी मुख्य केंद्रात यूपीएस, जनित्र व पर्यायी एन्कोडर लागतो. बिघाड शोधताना त्याची व्याप्ती प्रथम पाहतात. एकच वाहिनी सर्वत्र बंद असेल, तर दोष तिच्या चित्रस्रोतात किंवा एन्कोडरमध्ये असण्याची शक्यता अधिक असते. एका भागातील साऱ्या वाहिन्या बंद असतील, तर प्रकाशतंतू, नोड किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा वीजपुरवठा तपासतात. एकाच घरी अडचण असेल, तर तारेचा जोड, सेट टॉप बॉक्स आणि वर्गणीची मुदत पाहतात.

वारज्याचे उदाहरण

वारजे १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेत आले. वारजे जलकेंद्राच्या देखभालीसाठी पाणी बंद राहणार असेल, तर ती सूचना ठरावीक भागांतील रहिवाशांच्याच कामाची असते. अ‍ॅनालॉग काळात परिसरातला केबलचालक ती आपल्या ग्राहकांना थेट दाखवू शकत होता. अंकीय व्यवस्थेत तीच सूचना मुख्य केंद्रातून मोठ्या क्षेत्रात जाते आणि ज्यांचा नळ चालूच राहणार आहे, त्यांनाही दिसते. चित्र सुस्पष्ट झाले, वाहिन्या वाढल्या. परंतु गल्लीपुरते बोलण्याची जुनी सोय मात्र कमी झाली.