ठेचेची वार्ता

घाईघाईने घराबाहेर पडताना उंबरठ्याला ज्याच्या पायाचा अंगठा कधी ठेचकाळला नाही, असा मनुष्य विरळाच. या क्षुल्लक अपघाताकडे थोडे बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येईल. ठेच लागताक्षणी प्रथम एक तीव्र, टोकदार कळ येते आणि पाय आपोआप मागे घेतला जातो. मग क्षणभर उसंत मिळते. त्या उसंतीनंतर खोलवर पसरणारा ठणका सुरू होतो, आणि आपण मटकन खाली बसून अंगठा हाताने दाबून धरतो. ठेच एकच, मग दुःखे दोन कशी?

याचे उत्तर असे, की ठेचेची वार्ता दोन जासूद घेऊन निघतात. त्यांपैकी एक सांडणीस्वार, तर दुसरा पायी चालणारा. काही वेदनावाहक मज्जातंतूंवर स्निग्ध द्रव्याचे पातळ आवरण असते. त्यांतून संदेश सेकंदाला पाच ते तीस मीटर या वेगाने धावतो. दुसरे तंतू उघडे आणि अतिशय बारीक असतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर. अंगठ्यापासून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंतचे अंतर जवळजवळ मीटरभर आहे. म्हणजे पहिला जासूद पोहोचल्यावर दुसरा येईतो सुमारे सेकंदभर जातो. ती आपली उसंत.

हे तंतू ज्या पेशींचे, त्यांना वेदनाग्राही पेशी म्हणतात. शरीराला इजा करू पाहणाऱ्या गोष्टींची दखल घेणारे असे खास ज्ञानतंतू असले पाहिजेत, ही कल्पना इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली मांडली. या पेशींची रचना मोठी विलक्षण आहे. पेशीचे मुख्य अंग मज्जारज्जूलगतच्या एका लहानशा गाठीत बसलेले असते आणि तिचा एक फाटा थेट पायाच्या त्वचेपर्यंत गेलेला असतो. त्वचेतील त्या टोकांवर प्रथिनांच्या सूक्ष्म झडपा असतात. अशी एक झडप डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधून काढली. ती सुमारे त्रेचाळीस अंश सेल्सिअसच्या उष्णतेने उघडते, आणि मिरचीतील तिखट द्रव्यानेही उघडते. कोल्हापुरी तांबड्या रश्शाने तोंड 'भाजते' असे आपण म्हणतो, तो नुसता अलंकार नव्हे. मज्जातंतूंची खरोखरच तशी समजूत झालेली असते. या शोधाबद्दल ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापूटियन यांच्यासमवेत मिळाले.

परंतु वार्ता पोहोचली म्हणजे दुःख झाले, असे मात्र नाही. पुढची हकीकत बंगळूरकडे घेऊन जाते. जमशेटजी टाटांच्या दातृत्वातून १९०९ साली तेथे उभी राहिलेली भारतीय विज्ञान संस्था सर्वपरिचित आहे. तेथील मज्जाविज्ञान केंद्रात अर्णब बारिक आणि त्यांचे सहकारी उंदरांवर प्रयोग करून वेदनेच्या वाटा शोधीत आहेत. अमेरिकेत असताना बारिक यांनी सहकाऱ्यांसह केलेले एक संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले. मज्जारज्जूतून मेंदूच्या देठातील एका चिमुकल्या केंद्राकडे जाणारी एक वाट त्यात उलगडली आहे. रेंगाळणाऱ्या वेदनेशी, म्हणजे दुखरा पंजा पुनःपुन्हा चाटत राहण्याशी, या वाटेचा निकट संबंध दिसून आला. झटक्यासरशी पाय मागे घेणे आणि मग दुखणे सोसत बसणे या दोन कामांच्या वाटा काही अंशी वेगळ्या आहेत, असा याचा अर्थ.

बंगळूरच्या पुढील प्रयोगांनी याहून नवलाची गोष्ट दाखविली. घाव अंगावर घेऊन लढत राहिलेल्या वीरांच्या कथा आपण बाजीप्रभूंपासून ऐकत आलो आहोत. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम करणाऱ्या हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनीही १९४६ साली नोंदविले आहे, की जबर जखमी झालेल्या सैनिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना वेदनाशामक औषध नको होते. हे कसे घडते? बारिक यांच्या चमूला असे आढळले, की उंदीर तणावाखाली आला म्हणजे मेंदूच्या सेप्टम नामक भागातील काही पेशी जाग्या होतात. त्या हायपोथॅलॅमसमधील पेशींना आवर घालतात आणि त्यामुळे वेदना दबते. दुःखाची वार्ता राजधानीत येते खरी, पण तिला दरबारात प्रवेश द्यावा की देऊ नये, हे मेंदू प्रसंग पाहून ठरवितो.

या संशोधनाची निकड कोणाला आहे, हे ज्याच्या घरी नागिणीचा रोगी आहे त्याला सांगावे लागत नाही. नागिणीचे फोड सुकतात, त्वचा पूर्ववत होते, पण आग महिनोन्महिने थांबत नाही. जखम दिसत नाही म्हणून घरची माणसे 'आता कशाला कण्हता' म्हणतात, आणि रोग्याला दुखण्याबरोबर अविश्वासही सोसावा लागतो. वास्तविक दुखावलेले मज्जातंतूच आता खोटी वार्ता धाडीत असतात. दुःख मात्र खरे असते. अफूपासून बनणारे मॉर्फिन प्रभावी खरे, पण ते श्वास मंदावते आणि त्याचे व्यसन जडू शकते. म्हणून वेदनेची नेमकी वाट कळली, तर तेवढीच वाट अडविता येईल, ही आशा. तीव्र वेदनांवर, मुख्यतः मेंदूबाहेरील वेदनातंतूंतच काम करणाऱ्या सुझेट्रिजिन या औषधास अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली आहे. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता मात्र लांबचा आहे, हे विसरून चालणार नाही.

वेदना मुळातूनच नाहीशी करावी काय? तसेही नाही. जन्मतःच दुःख न जाणवणारी मुले क्वचित आढळतात. ती जीभ चावून घेतात, हाडे मोडून घेतात आणि त्यांना कळतही नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण ज्याला स्वतःची ठेचच जाणवत नाही, त्याला शहाणे कोण करणार? वेदना हवी ती जागल्यासारखी: संकट दिसताच हाक देणारी, आणि संकट टळल्यावर गप्प बसणारी. तो जागल्या रात्रभर विनाकारण ओरडू लागला, तर त्याला शांत कसे करावे, एवढाच प्रश्न आहे. आणि तो सुटेपर्यंत, कण्हणाऱ्या माणसावर विश्वास ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.