भाजींतलें द्राक्षमद्य

नाशिक-निफाडकडील द्राक्षांची वाइन हल्लीं पुण्यामुंबईस नोकरीला असलेल्या मुलांच्या पिशवींतून आमच्या वाशीम-कारंज्याकडील घरांतही येऊं लागली आहे. ती पिण्याकरितां नव्हे, भाजींत घालण्याकरितां आणली, असें सांगण्यांत येतें. अळिंबी, गाजर, कांदा, तांबडी कोबी यांत अर्धी वाटी वाइन ओतून भाजी मंद आंचेवर आटविणें ही युरोपांतील जुनी रीत आहे व पाककृतींच्या पुस्तकांतून ती आपल्या सुनालेकींपर्यंत पोंचली, यांत नवल नाहीं. 'आंच लागली कीं मद्य सगळें उडून जातें, मग दोष कसला?' हें यावरचें ठरलेलें समर्थन. आणि कानांवर हात ठेवून माजघरांत निघून जाणें हें वडील मंडळींचें ठरलेलें उत्तर. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं विषय तपासलेला नसतो.

प्रथम शास्त्र पाहूं. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या नगराचा उल्लेख वात्स्यायनाच्या कामसूत्रांतही आहे, आणि त्याच ग्रंथांत चौसष्ट कला सांगतांना नाना प्रकारच्या शाकभाज्या करण्याची कला व पानकें-आसवें सिद्ध करण्याची कला या एकीपाठोपाठ एक येतात. शेजारीं येतात इतकेंच. एक दुसरींत ओतावी असें तेथें कोठेंही म्हटलेलें नाहीं. कौटिल्यास द्राक्षांचें मद्य माहीत होतें. चरकानें धान्य, फळ, मूळ, फूल, साल अशा नऊ उगमांपासून होणारीं चौऱ्यायशीं आसवें मोजलीं आहेत. तेव्हां हा पदार्थ साहेबानें आणला, असें म्हणणें निराधार आहे.

मनूनें गूळ, पीठ व मधु यांपासून होणाऱ्या तिन्ही सुरा द्विजांस सारख्याच निषिद्ध ठरविल्या आहेत. तेथें पळवाट नाहीं. परंतु तोच मनु भक्ष्याभक्ष्यप्रकरणीं आंबलेले पदार्थ वर्ज्य सांगून लगेच अपवाद करतो: दहीं, दह्यापासून झालेलें सर्व, आणि चांगल्या फुलामुळाफळांपासून आंबवून केलेले पदार्थ खावेत. म्हणजे आंबविलेलें तेवढें सर्व त्याज्य, ही वडील मंडळींची समजूत शास्त्राची नव्हे. ताक, कांजी, आंबील, इडली हीं सगळीं संधानाचीं अपत्येंच आहेत. निषेध आहे तो मादकतेचा.

आतां मादकता शिजवून जाते काय, हा प्रश्न उरला. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो व पाणी १०० अंशांवर, म्हणून मद्यार्क आधीं निघून जात असावा असें वाटतें. पण पाण्यांत एकदां मिसळलेला मद्यार्क इतक्या सरळपणें वेगळा होत नाहीं. तो पाण्याच्या वाफेबरोबर हळूहळू जातो व शेवटपर्यंत थोडा राहतोच. अमेरिकेच्या कृषिखात्यानें प्रसिद्ध केलेल्या कोष्टकाप्रमाणें पदार्थांत मिसळून १५ मिनिटें शिजविल्यावर शेंकडा ४०, अर्ध्या तासानें ३५, एका तासानें २५ आणि अडीच तासांनींसुद्धां ५ इतका मद्यार्क उरतो. वरून पेटवून ज्वाळा दाखविण्याची जी ऐट आहे, तींत तर शेंकडा ७५ तसाच राहतो! भाजी पंधरावीस मिनिटांत होणारी. 'सगळें उडून जातें' हें म्हणणें खोटें आहे, आणि तें खोटें आहे हें माहीत असून वापरलें तर ती फसवणूक आहे.

मात्र हिशेब पुरता करावा. अर्धी वाटी, म्हणजे सुमारें १०० मिलिलिटर वाइन घेतली व तींत शेंकडा १३ मद्यार्क धरला, तर तो १३ मिलिलिटर झाला. पाव तासानें त्यांतला पांच उरला. सहा पानांवर वाढला तर प्रत्येकाच्या वांट्यास एक मिलिलिटरही नाहीं. आणि जे आजोबा या भाजीवरून ताट सारतात, ते जेवणानंतर चार चमचे द्राक्षासव पाण्यांतून घेत असतात. आसवारिष्टांत स्वतः उत्पन्न झालेला मद्यार्क साधारण शेंकडा ५ ते १० असतो. बाटलीवर तसें छापलेलेंही असतें. २० मिलिलिटरांत तो एक ते दोन मिलिलिटर होतो. औषधास न्याय वेगळा, हें आम्हांसही मान्य आहे. पण मग तो औषध म्हणून, मापानें आणि वैद्याच्या सांगण्यावरून घ्यावा. वर्षानुवर्षें चालणाऱ्या 'पाचका'ची गणना आम्ही औषधांत करीत नाहीं.

२०२२ च्या जानेवारींत राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय केला, तेव्हां मोठें वादळ उठलें. वाइन म्हणजे दारू नव्हे, असेंही त्या वेळीं जाहीरपणें बोललें गेलें. ज्यांत शेंकडा बारा-चौदा मद्यार्क आहे त्यास दारू म्हणावयाचें नाहीं, तर काकवी म्हणावयाचें काय?

यापेक्षां महत्त्वाचा प्रश्न असा कीं, वाइननें भाजीस मिळतें काय? मिळतें तें मुख्यतः आंबटपण. थोडा तुरटपणा, थोडा सुगंध. द्राक्षांतील प्रमुख आम्ल तेंच चिंचेंतील प्रमुख आम्ल आहे. लिंबाचें निराळें, दह्याचें निराळें. पण चिंच व द्राक्ष या बाबतींत सख्ख्या बहिणी आहेत. आमची आजी गाजराच्या भाजींत चिंचेचा कोळ व गुळाचा खडा घालीत असे. फ्रान्समधील आजी वाइन घालते. दोघींचा हेतु एकच. वऱ्हाडांत तर अंबाडीची भाजी तुरीची डाळ व ज्वारीच्या कण्या घालून करतात, तेव्हां पाल्याचें स्वतःचें आंबटपण इतकें असतें कीं, थोडें पाणी काढून टाकावें लागतें.

आंबट केव्हां घालावें, हेंही आपल्या बायकांस पूर्वापार ठाऊक आहे. डाळ शिजण्यापूर्वीं चिंच पडली तर ती बोटचेपी होत नाहीं. कारण भाजींचे कण ज्या द्रव्यानें एकमेकांस चिकटलेले असतात तें आम्लांत लवकर विरत नाहीं. वाइनचेंही तसेंच. शिवाय आम्लानें हिरव्या पाल्याचा रंग मरून शेवाळी होतो, म्हणून मेथी-पालकांत ती घालणें व्यर्थ. तांबडी कोबी मात्र अधिक लाल होते. आणि बिनकल्हईच्या पितळी पातेल्यांत ताक कळकतें तशी वाइनही कळकेल, हें नव्या पुस्तकांत लिहिलेलें नसतें.

एका गोष्टीवर मात्र आम्ही तडजोड करणार नाहीं. एकत्र कुटुंबांत पातेलें एक आणि पंगत मोठी असते. त्या पंगतींत व्रतस्थ सासूबाई असतील, गर्भवती सून असेल, लहान मुलें असतील. कदाचित् मोठ्या कष्टानें दारू सोडलेला एखादा दीरही असेल. हें व्यसन सोडविण्यास डायसल्फिरम नांवाची गोळी देतात. ती चालू असतांना मद्यार्क पोटांत गेला तर तोंड लाल होणें, उलटी, छाती धडधडणें असे त्रास होतात, आणि याला अन्नांतील मद्यार्कही पुरतो. असा माणूस घरांत आपला आजार चारचौघांत सांगत नाहीं. म्हणून वाइन घातलेली भाजी न सांगता वाढणें हा अपराध समजावा. ज्यांस करावयाची असेल त्यांनीं वेगळ्या भांड्यांत करावी, नैवेद्यानंतर करावी, आणि वाढतांना स्पष्ट नांव घ्यावें.

ज्यांस चव हवी पण बाटली नको, त्यांच्याकरितां मार्ग सोपा आहे. पूर्वीं युरोपांत कच्च्या द्राक्षांचा आंबट रस भाज्यांत घालीत. इराणांत तो अजूनही स्वयंपाकांत असतो. द्राक्षांच्या दिवसांत पाव किलो कच्चीं, आंबट हिरवीं द्राक्षें ठेचून फडक्यांतून गाळावीं. दोन लवंगा व एक तमालपत्र टाकून रस निम्मा होईपर्यंत स्टीलच्या भांड्यांत आटवावा. अर्धा किलो गाजरांच्या चकत्या व दोन कांदे तुपावर परतून, झाकण ठेवून, बारा आणे शिजूं द्यावेत. मग रस, मीठ व बोराएवढा गूळ घालून झाकण काढावें व रस अंगाशीं येईपर्यंत हालवावें. कच्चीं द्राक्षें न मिळाल्यास काळ्या द्राक्षांचा अर्धी वाटी रस व चमचाभर चिंचेचा कोळ घ्यावा; रंग जांभळट येतो. ही भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर गरमच वाढावी. निवल्यावर आंबटपणा पुढें येतो.