वारा पाहून ठरते स्थलांतर

पोहरादेवी : रामनवमीच्या यात्रेतील गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हजारो माणसे एकाच वेळी हलविणे किती कठीण, हे वेगळे सांगायला नको. १९६९ मध्ये कार्यान्वित झालेल्या तारापूर अणुवीज केंद्रासारख्या ठिकाणी आणीबाणीचे नियोजन करणाऱ्या अभियंत्यापुढे हाच प्रश्न असतो.

केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटर त्रिज्येच्या परिसरासाठी आराखडा आधीच तयार ठेवला जातो. केंद्राबाहेर आदेश देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. किती किरणोत्सार बाहेर पडेल आणि वारा तो कोणत्या गावाकडे नेईल, याचा अंदाज मात्र अभियंत्यानेच द्यायचा, तोही अपुऱ्या माहितीवर.

स्थलांतर हाच एकमेव उपाय, हा समज चुकीचा आहे. फुकुशिमा येथे २०११ मध्ये घाईघाईने हलविताना रुग्णालयातील अनेक वृद्ध रुग्ण दगावले. काही वेळा दारे-खिडक्या लावून घरातच थांबणे अधिक सुरक्षित ठरते. आयोडीनच्या गोळीबद्दलही असाच गैरसमज आहे. ती फक्त थायरॉईड ग्रंथीचे किरणोत्सारी आयोडीनपासून रक्षण करते, तेही संसर्गापूर्वी किंवा त्यानंतर काही तासांतच घेतली तर.