टाकी, पंप आणि नोझल

मे २०२०. कपाशीच्या पेरणीला अजून अवकाश होता, रानं उघडी पडली होती. हिरवं म्हणून काय ते संत्र्याच्या बागा आणि ओलिताचा भाजीपाला. नेमकी तेव्हाच वरुड-मोर्शी, काटोलबरोबर वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात टोळधाड उतरली. लोकांनी डबे-थाळ्या बडवल्या. विदर्भात टोळांवर ट्रॅक्टरचे फवारे चालले, अग्निशामक बंबही कामाला लागले.

वर्धेकराला फौज म्हटलं की पुलगावचा दारूगोळा डेपो आठवतो. फौजेचा आणि फवारणीचा संबंध जुळला तो मात्र चंदीगडला. मिग नव्हे, एमआय-१७ : हवाई दलाचं ओझ्याचं हेलिकॉप्टर. सुमारे चार टन माल पोटात घेणारं, हिमालयातल्या चौक्यांना रसद पोचवणारं, पुरात अडकलेल्यांना उचलणारं. अशा दोन हेलिकॉप्टरांना फवारणीची सामग्री बसवण्याचं काम कृषी मंत्रालयाने एका ब्रिटिश कंपनीला दिलं होतं. पण ती मिळणार होती सप्टेंबरपासून पुढे. टोळ काही तोवर थांबणार नव्हते. मग हवाई दलाच्या ३ बेस रिपेअर डेपोने सामग्री स्वतःच तयार केली.

तिची रचना आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. पोटात ८०० लिटरची मॅलॅथिऑनची टाकी, विष पुढे ढकलायला विजेचा पंप आणि दाबाची हवा, दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या सांगाड्यावर नोझल. काही नोझल बाजारातली, काही चंदीगडच्याच सीएसआयओ या संस्थेने घडवलेली. एका फेरीत साधारण ४० मिनिटं फवारणी आणि ७५० हेक्टर क्षेत्र. जुलैत हे यंत्र राजस्थानच्या वाळवंटावर उतरवलं गेलं.

आता हिशेब करा. हेक्टरी जेमतेम एक लिटर! आपल्याकडे १५ लिटरचा पंप पाठीवर घेऊन वाढलेली कपाशी फवारायची, तर एकराला दहा-बारा पंप लागतात. म्हणजे हेक्टरी चारशेच्या आसपास लिटर. फरक थेंबात आहे. अशा अतिसूक्ष्म फवारणीत थेंब डोक्याच्या केसाएवढा बारीक असतो आणि औषधात पाणी जवळपास नसतंच. पण तोच थेंब वाऱ्याने भरकटतोही, मधमाश्यांनाही मारतो. म्हणून मोकळं वाळवंट त्याला मानवतं. घरं, विहिरी आणि संत्र्याच्या बागा एकमेकांना खेटून असलेला आष्टीसारखा मुलूख तितका नाही.

ओझ्याच्या विमानाने शेतीकडे वळणं तसं जुनंच. दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेल्या डाकोटा जातीच्या विमानांनी पुढे न्यूझीलंडच्या डोंगरउतारांवरच्या कुरणांत सुपर फॉस्फेट टाकलं. तिथे पंपाचीही गरज नव्हती : पोटात खताचा हौद, तळाला झडप. ओझं वाहायची ताकद आधीच असते; ते ओझं सारख्या मापाने खाली सोडता आलं की विमान शेतीचं होतं.

आता तीच टाकी, तोच पंप, तेच नोझल घेऊन ड्रोन शेतावर येऊ लागले आहेत. त्यांचं मोल किती एकर फवारले यावरच ठरू नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हेलिकॉप्टरमध्ये माणूस नोझलच्या पुढे, काचेआड बसतो. पाठीवर पंप घेतलेला माणूस आपणच उडवलेल्या तुषारांतून पुढे चालत जातो.