मतमाउलीच्या यात्रेची तयारी

श्रावण सरू लागला की छत्रपती संभाजीनगरातील कॅथलिक घरांना हरेगावची ओढ लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात हे गाव. तेथील संत तेरेजा चर्चच्या प्रांगणात सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मोत्सव. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना आणि घरोघरी सायंकाळी जपमाळ.

वीस-पंचवीस माणसांच्या घरातील तयारीही तशीच मोठी. भाऊ रजा काढतात, सासरहून लेकी येतात, जावा भाकऱ्यांच्या चळती आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतात. थोरल्या सुनेला त्या दोन दिवसांत उसंत नसते, हे मात्र कोणी बोलून दाखवीत नाही.

अशा घरी खरा पेच असतो तो आजीचा. गुडघे साथ देत नाहीत. पण नातवाच्या दुखण्यात बोललेला नवस तिचा, आणि तो दुसऱ्या कोणी फेडलेला तिला मानवत नाही. मग पायी निघण्याचा तरुणांचा बेत बाजूला राहतो व सारे कुटुंब एका टेम्पोत बसते.

कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की पुढे नेवासे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली, त्या मुलखात मरियेलाही लोक ‘माउली’च म्हणतात. टेम्पोत जपमाळ सुरूच असते. आजी चालकाशेजारी, मांडीवर मेणबत्त्यांचा पुडा.