शिकलेले किती मोजले जाते?



दहावीचा निकाल लागला की सदलग्यातील घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? कोणी निपाणीस वा चिकोडीस पदवीपूर्व महाविद्यालयात नाव घालतो. कोणी दूधगंगेपलीकडे इचलकरंजी-कोल्हापूरची वाट धरतो. कोणी तंत्रनिकेतनात पदविकेचा अभ्यास आरंभितो. वाटा निरनिराळ्या असल्या तरी पुढे केव्हा तरी प्रत्येकासमोर एक शंका येऊन ठाकते. जे आपण एके ठिकाणी शिकून, परीक्षा देऊन उत्तीर्ण झालो, ते दुसऱ्या ठिकाणी मोजले जाईल काय? की पहिल्या पायरीपासून पुन्हा चढावे लागेल? या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे कित्येकांचे वर्ष वाया जाते, आणि शेतकऱ्याच्या वा विडी कामगाराच्या घरी एक वर्ष म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. यास्तव या विषयाची थोडी फोड करून सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ‘श्रेयांक’ म्हणजे काय ते पाहू. अभ्यासास किती वेळ व श्रम लागले, त्याचे माप म्हणजे श्रेयांक. इ. स. २०२३ मध्ये आपल्या देशात राष्ट्रीय श्रेयांक आराखडा तयार झाला. त्यात एका वर्षाचा अभ्यास १२०० तासांचा धरून त्यास ४० श्रेयांक दिले आहेत; म्हणजे ३० तासांच्या अभ्यासास एक श्रेयांक. तीन वर्षांच्या पदवीस या हिशेबाने १२० श्रेयांक होतात. याच आराखड्यात शाळेतील वर्षांचाही हिशेब मांडला आहे. तथापि येथे एक गोष्ट नीट ध्यानी धरावी. दहावी-बारावीचे श्रेयांक ही त्या त्या पायरीची कमाई होय. त्या बळावर पुढच्या पायरीचे दार उघडते. पण ती कमाई पदवीच्या बेरजेत धरली जात नाही. बारावीस गणितात शंभरपैकी शंभर गुण मिळाले, तरी पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित चुकत नाही.

म्हणजेच प्रवेश मिळणे ही एक गोष्ट आणि पूर्वीचा अभ्यास मोजला जाणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत पुष्कळ जण करितात. महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वर्ग आहे, हे आपल्याकडे अनेकांस ठाऊक असते; परंतु ती सवलत दाराशी आहे, आतील अभ्यासात नाही.

मग पूर्वीचे शिक्षण पुढे मोजले जाण्याची वाट आपल्याकडे मुळीच नाही काय? आहे, आणि ती अगदी जवळची आहे. दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका घेतलेला विद्यार्थी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊ शकतो. त्याचे पहिले वर्ष माफ होते. आपल्या बेळगावात मुख्य ठाणे असलेले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. कर्नाटकातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. तेथेही पदविकाधारकांस तिसऱ्या सत्रात घेतात. मात्र विद्यापीठाने एक अट घातली. २०१८ च्या अभ्यासयोजनेत अशा विद्यार्थ्यांस गणिताचे दोन जादा विषय लावले होते. त्यांचे श्रेयांक मिळत नसत, पण ते उत्तीर्ण झाल्याखेरीज पदवीही मिळत नसे. असे का बरे? पदविकेचा विद्यार्थी यंत्रशाळेत हाताने काम करून आलेला असतो. यंत्राची ओळख त्याला कदाचित अधिकच असते. परंतु पहिल्या वर्षाचे जे गणित त्याने वगळले, त्यावरच पुढच्या विषयांची उभारणी असते. म्हणून विद्यापीठाने वर्ष माफ केले, पाया माफ केला नाही. आमच्या मते या एका उदाहरणात सगळ्या विषयाचे मर्म आले आहे.

आता जरा दूर जाऊ. आपल्यापैकी काहींचे आप्त अमेरिकेत राहतात. तेथील मराठी घरांत ‘एपी’ हा शब्द नित्याचा झाला आहे. ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ हे त्याचे पूर्ण नाव. तेथे हायस्कुलातच महाविद्यालयाच्या पातळीचा एखादा विषय शिकविण्याची ही योजना १९५० नंतरच्या दशकात सुरू झाली आणि ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेने ती चालविली. दरवर्षी मे महिन्यात परीक्षा होते आणि १ ते ५ असे गुणांकन मिळते. मूळ हेतू असा की, हुशार मुलाने जे एकदा उत्तम शिकले आहे, ते त्याच्याकडून पुन्हा गिरवून घेऊ नये.

पुढे ही योजना फार पसरली. विद्यार्थी पाच-पाच, आठ-आठ विषय घेऊ लागले आणि विद्यापीठांपुढे पेच पडला. प्रत्येकाने आपापली मर्यादा ठरविली. कोणी ३ गुणांवर श्रेयांक देते, कोणी ४ वा ५ गुणांखाली विचारही करीत नाही. कोणी एकंदर श्रेयांकांवर कमाल मर्यादा घालते. कोणी श्रेयांक देते, पण ते ऐच्छिक विषयांत धरते, मुख्य विषयात नव्हे. कोणी श्रेयांक न देता केवळ वरच्या वर्गात बसू देते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारखी संस्था तर या गुणांवर श्रेयांक देतच नाही. ती स्वतःची परीक्षा घेऊन विद्यार्थ्याची जागा ठरविते. उलट इलिनॉय राज्याने २०१५ साली कायदा करून तेथील सरकारी विद्यापीठांस ३ गुणांवर श्रेयांक देणे बंधनकारक केले; कारण तेथील शुल्क जबर असते आणि एक सत्र वाचले तर घरचे मोठे ओझे हलके होते.

डार्टमथ कॉलेजाची हकीकत या बाबतीत बोधप्रद आहे. तेथील मानसशास्त्र विभागाने या परीक्षेत पाचपैकी पाच गुण मिळविलेल्या शंभरावर विद्यार्थ्यांस आपल्या प्राथमिक अभ्यासक्रमाची परीक्षा दिली. त्यांतील दहांपैकी सुमारे नऊ अनुत्तीर्ण झाले. पुढे २०१३ साली त्या संस्थेने असे श्रेयांक बंद करण्याचे जाहीर केले आणि २०१४ मध्ये प्रवेश घेणाऱ्यांपासून तो नियम लागू झाला. या प्रयोगावर कॉलेज बोर्डाने आक्षेप घेतला, हेही सांगितले पाहिजे. परीक्षेनंतर काही महिने लोटले तर कोणाच्या स्मरणात सारे राहते? आणि श्रेयांक नाकारल्याने संस्थेस शुल्क अधिक मिळते, हा संशयही लोकांनी बोलून दाखविला. वाद दोन्ही बाजूंनी आहे. पण प्रश्न खराच आहे.

आपल्या देशातही मर्यादेचे हेच तत्त्व आता दिसू लागले आहे. ‘स्वयम्’ या व्यासपीठावर घरबसल्या पुरे केलेले अभ्यासक्रम पदवीत धरण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली एका सत्राच्या २० टक्क्यांपर्यंत मुभा दिली. २०२१ साली ती ४० टक्के झाली. त्याच वर्षी श्रेयांकांची बँक स्थापन झाली. पैसे ठेवावे तसे विद्यार्थ्याचे श्रेयांक त्याच्या खाती जमा होतात व जास्तीत जास्त सात वर्षे राहतात. पण जी संस्था पदवी देणार, तिच्याकडून निदान निम्मे श्रेयांक मिळविले पाहिजेत, असा दंडक आहे.

असे दंडक का असतात, हे समजण्यास आपल्या शिवारातलेच उदाहरण पुरे. शेतकरी आपला ऊस बाहेरच्या काट्यावर तोलून नेतो, तरी कारखाना आपल्या काट्यावर तो पुन्हा तोलतोच. कारण पुढची साखर त्याला काढावयाची असते आणि पोत्यावर नाव त्याचे असते. विद्यापीठाचेही तसेच आहे. पदवीपत्रावर ज्याचे नाव, त्याला त्या ज्ञानाची हमी द्यावी लागते. मात्र काटा खरा हवा, ही शेतकऱ्याची मागणी जितकी रास्त, तितकीच विद्यार्थ्याचीही. जे खरोखर शिकले आहे ते केवळ दुसऱ्या गावी शिकले म्हणून नाकारणे, हा अन्याय होय. आणि जे कच्चे आहे ते पक्के म्हणून मोजणे, ही त्या मुलाचीच फसवणूक होय. ती वर्षभराने वरच्या वर्गात उघडी पडते.

सीमेवरच्या आपल्यासारख्यांनी तर अधिकच सावध असावे. कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची रचना आली आहे. नदी तीच, पण दोन्ही तीरांवरचे माप निराळे. यास्तव मधल्याच वर्षी अलीकडून पलीकडे जाण्याचा विचार असेल, तर आधी त्या विद्यापीठाचा छापील नियम वाचावा. ‘अमक्याच्या मुलाला वर्ष माफ झाले’ या ऐकीव गोष्टीवर विसंबू नये. आपले काय मोजले जाईल व काय जाणार नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे. गुणपत्रिका व अभ्यासक्रमाची प्रत जपून ठेवावी. तुल्यता ठरविताना केवळ गुण नव्हे, तर काय शिकलात हेही पाहतात.

शेवटी एकच सांगावयाचे. माफ झालेले वर्ष पैसा वाचविते, वेळ वाचविते. त्याचा लाभ जरूर घ्यावा, संकोच करू नये. पण घेण्यापूर्वी रात्री दिव्याखाली बसून मागच्या इयत्तेचे पुस्तक उघडावे आणि त्यातील चार गणिते कोणाच्या मदतीवाचून सोडवून पाहावीत. ती सुटली, तर निःशंक पुढे जावे. न सुटली, तर विद्यापीठाने काहीही माफ केलेले असो, ते पान आपण स्वतःस माफ करू नये.