तळघरातील ‘नका’

मोरजीतील आमचे घर उतारावर असल्याने मागील खोली अर्धी जमिनीत आहे. पूर्वी तेथे नारळ आणि सरपण असे. निवृत्तीनंतर आरोग्यविषयक मराठी चित्रफिती करण्यासाठी मी तीच खोली निवडली. पहिला विषय सर्पदंश.

चित्रापेक्षा आवाजाची चिंता अधिक होती. मोकळ्या भिंतींमुळे शब्द घुमतात. ‘दंशावर घट्ट दोरी बांधू नका’ यातील ‘नका’ विरला, तर उपदेशाचाच अपाय व्हायचा!

म्हणून मी खिडकी बंद करून भिंतींना फोम चिकटवला. जूनमध्ये चिऱ्यांतून ओल झिरपली. फोममागे बुरशी धरली, लेन्सवर जाळे आले आणि माझा जुना दमा जागा झाला. लक्षण दाबले, कारण तसेच राहिले. रुग्णाच्या बाबतीत अशी चूक मी क्षम्य मानली नसती.

मग उपचार बदलला. पावसाचे पाणी भिंतीपासून दूर वळवले, फोम व प्लॅस्टिक रंग खरवडून चुना दिला, खिडकी उघडली. आईच्या जुन्या गोधड्या भिंतीपासून वीतभर अंतरावर टांगल्या आणि माइक तोंडाजवळ घेतला. लेन्स आता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात असते. पावसाची सर आली की चित्रीकरण थांबते.

पहिली फीत शेजारच्या वृद्ध काकींना दाखवली व विचारले, “काय कळले?”

“दोरी बांधू नका, माणसाला चालवू नका, लगेच इस्पितळात न्या.”

‘नका’ दोन्ही वेळा पोहोचला होता.